चुरमुऱ्यांचे भोपळे

हॅलोविनच्या आदल्या दुपारी आमच्या कंपाउंडमधली झाडून सगळी मुलं शेजारच्या अमेरिकन बाईच्या स्वयंपाकघरात असत, आणि संध्याकाळी परत येत तेव्हा एकाच्याही केसांतून कंगवा फिरत नसे. पदार्थ तसा अगदी सोपा. भट्टी नको, तळण नको. पातेल्यात लोणी वितळवायचं, त्यात मार्शमेलो नावाचे पांढरे, बोटाने दाबले की पुन्हा फुगणारे गोळे टाकायचे, त्यांचा चिकट लगदा झाला की खोक्यातले फुलवलेले तांदळाचे दाणे ओतायचे आणि गार व्हायच्या आत थापायचं किंवा वळायचं. हॅलोविनला त्यात केशरी रंग घालून भोपळे करायचे. "अहो, हे तर चुरमुऱ्याचे लाडू!" असं मी पहिल्या वर्षी चक्क मराठीत म्हणाले होते, आणि बाईने ओ की ठो न कळता जोरात मान हलवली होती.

अमिरातीतल्या अल ऐनमधलं आमचं कंपाउंड विद्यापीठ आणि हॉस्पिटलात काम करणाऱ्या लोकांचं होतं. शेजारणीचा नवरा विद्यापीठात शिकवायचा, माझा नवरा हॉस्पिटलातली यंत्रं सांभाळायचा, आणि आमच्या दोघींच्या मुली एका वर्गात होत्या. माझा स्वभाव मुळातच तुसडा. न सांगता कुणाकडे जायचं नाही, आणि कुणी न सांगता आलं की कपाळाला आठी. तरी ती बाई येत राहिली. पहिल्याच हॅलोविनला ती मार्शमेलोचं पाकीट हातात घेऊन दारात उभी राहिली आणि लालबुंद चेहऱ्याने म्हणाली की तुम्ही मांसाहार करत नाही असं मुलीकडून कळलं, पण ह्यात जिलेटिन आहे, आणि जिलेटिन गुरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मला काय ठाऊक असणार कप्पाळ! सुपरमार्केटात मी ते पाकीट किती वेळा गोंडस म्हणून हाताळून परत ठेवलं होतं.

तेव्हापासून माझ्या मुलीसाठी ती वेगळी वाटी करायची. लोणी, मध आणि ते दाणे. मधाने काही दाणे धरून राहत नाहीत, त्यामुळे बाकीच्यांच्या हातात भोपळे आणि माझ्या लेकीच्या हातात चमचा असायचा. लेक तक्रार करायची नाही. एकदाच म्हणाली, "मम्मा, माइन नेव्हर स्टँड्स अप." पण दुसऱ्याच्या घरी आपल्या पोरीसाठी कुणी वेगळी वाटी काढून ठेवतं, तीही दरवर्षी न विसरता, ह्याचं मोल मला तेव्हाही कळत होतं.

मग ते वर्ष आलं. मार्चमध्ये माझे सासरे गेले. दिवसकार्य आटोपून आम्ही सासूबाईंना, म्हणजे आईंना, पुण्याहून आमच्याबरोबर घेऊन आलो. आईंचं आणि माझं फार गूळपीठ होतं असं नाही. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं की ते त्यांना चाखायच्या आधी वासावरून कळायचं, आणि कळलं की मनात ठेवायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. आता त्या अळणी, खारट, करपलेलं, जे पानात पडेल ते दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून असायच्या. स्वयंपाकघरात म्हणून पाऊल टाकत नव्हत्या. मला त्यांच्या टोमण्यांची आठवण यायला लागली, ह्यावरून काय ते समजा.

त्यांचं एकच म्हणणं होतं, "मला पुण्याला सोडून ये." पुण्याच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. तिथे एकट्या राहिल्या तर त्या चूलसुद्धा पेटवणार नाहीत, नुसत्या चहावर दिवस काढतील आणि एक दिवस आम्हाला फोन येईल, अशी आम्हा दोघांना धास्ती होती. नवऱ्याने सगळे उपाय केले. गाडीतून डोंगरावर नेलं, खजुरीच्या बागांतून फिरवलं, अबू धाबीच्या ओळखीच्या मराठी घरी नेऊन गप्पांना बसवलं. आई सगळीकडे गेल्या आणि जशा गेल्या तशा परत आल्या. शेवटी तो हरला. "दिवाळीनंतर सोडून येतो तुला," म्हणाला, आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच आईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

दिवाळी तरी कसली! घरातलं माणूस गेल्यावर वर्ष होईपर्यंत सण नसतो. कंदील लावायचा नाही, रांगोळी काढायची नाही, फराळासाठी कढई चढवायची नाही. लेकीला हे पटवताना मी मेटाकुटीला आले. "नो दिवाळी? लाइक, झीरो?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, झीरो. ती आजीच्या खोलीत गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन अगदी लागून आले होते. आणि नेमकी शेजारीण गरोदर होती. लोण्याचा वास आला तरी तिच्या पोटात ढवळायचं. ती ओशाळल्यासारखी माझ्याकडे आली. मुलं वर्षभर वाट बघतात, सगळं सामान मी देते, पातेलंसुद्धा माझंच घ्या, पण ह्या वेळी तुमच्या स्वयंपाकघरात करू दे का त्यांना? मी गॅसवर दूध ठेवल्याचं निमित्त करून आत पळाले. हो म्हणावं तर घरात सण नाही. नाही म्हणावं तर जिने तीन वर्षं माझ्या पोरीसाठी वेगळी वाटी भरली तिला नाही म्हणायचं. नवऱ्याला फोन केला तर साहेब म्हणाले, "मी मीटिंगमध्ये आहे यार, आईला विचार ना." मोठा आला!

विचारलं ते माझ्या लेकीने. आजीच्या मांडीला टेकून, आपल्या त्या धेडगुजरी भाषेत. "आजी, त्या नाइटला ना, जे लोक डेड आहेत ते सगळे कम बॅक करतात. देअर ओन घरी."

"सगळे?" आईंनी विचारलं.

"ऑल. म्हणून मुलं घोस्ट होतात आणि सगळ्यांच्या डोअरवर जातात."

"आणि मग त्यांना गोडधोड देतात?"

"यस! इफ यू डोंट गिव्ह, दे गेट अँग्री."

आई खिडकीकडे बघत राहिल्या. मी दारात उभी होते, मला वाटलं, आता ह्या उठून बाथरूममध्ये जातील आणि डोळे धुऊन येतील, रोज जात तशा. पण त्या म्हणाल्या, "कढई नको चढवायला. बाकी करा. हा आपला सण थोडाच आहे." आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "दाराशी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवणं त्यांना कधी आवडलं नाही." त्यांना म्हणजे सासऱ्यांना. सहा-सात महिन्यांत आईंनी त्यांचं नाव काढलं नव्हतं. मला तिथल्या तिथे रडू आलं, आणि मी रडले.

मुलं आली. जॉर्डनचे दोन भाऊ, एक स्कॉटिश मुलगी, केरळी डॉक्टरांची जुळी, शेजारणीची लेक आणि माझी. एका शेगडीवर शेजारणीचं पातेलं, त्यात तिचं लोणी आणि मार्शमेलो. ते काम तिच्या लेकीने आणि जॉर्डनच्या थोरल्याने "यल्ला, यल्ला", म्हणजे चला-चला, करत ताब्यात घेतलं. दुसऱ्या शेगडीवर माझं पातेलं. ह्या वर्षी माझ्या लेकीचा भोपळा उभा राहणार होता. मार्शमेलो नाही तर नाही, साखरेचा पाक करून त्यात दाणे घालायचे आणि वळायचं, त्यात काय एवढं, असा माझा हिशेब. पाकाची आणि माझी मात्र जन्माची दुश्मनी. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला मी केलेल्या तिळाच्या वड्या सासऱ्यांनी पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवल्या होत्या.

मुलांचा कल्ला, रंगाची बाटली उपडी, एकाच्या कोपराला मार्शमेलो, त्या कोपराला टॉवेल चिकटलेला. त्यात पाकाकडे लक्ष कुणाचं! एवढ्यात मागून आवाज आला, "गॅस बारीक कर. पुढे चाललाय."

आई होत्या. पदर खोचून. मला कोपराने बाजूला सारलं, वाटीत पाणी घेतलं, पाकाचा थेंब त्यात सोडला आणि बोटाने गोळा केला. "अजून बरा आहे," म्हणाल्या. "आणखी क्षणभर ठेवला असतास तर पोरांचे दात पाडले असतेस. तुला कितीदा सांगितलं, पाक करताना दुसरीकडे बघायचं नाही." हा एवढा टोमणा त्यांनी मला मारला. मला इतकं बरं वाटलं की मी नुसती "हो आई" म्हणाले, आणि त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं.

मग स्वयंपाकघर त्यांचं झालं. त्यांनी पाकात लोणी घातलं, केशरी रंग घातला, दाणे ओतले, उलथन्याने खालीवर केलं आणि सगळ्या पोरांना ओट्याशी रांगेत उभं केलं. "तूप लावा हाताला. तूप! अगं, सांग की ह्यांना." माझी लेक भाषांतर करत होती, पण त्याची फारशी गरज नव्हती. आईंनी आपले हात दाखवले, तूप चोपडलं, मूठभर घेतलं, भराभर वळलं, वरून अंगठ्याने दाबून खळगा केला. गरम असतानाच वळायला हवं, म्हणून त्या पोरांना घाई करत होत्या, आणि मराठी संपल्यावर त्यांनी त्या जॉर्डनच्या पोराचाच शब्द उचलला. "यल्ला! यल्ला म्हणते ना मी!" पोरं आधी थबकली आणि मग अशी खिदळली की बाहेर मांजरं पळाली असतील.

देठाला शेजारणीने हिरव्या गोळ्या दिल्या होत्या. आईंना त्या पटल्या नाहीत. त्यांनी डबा शोधून काढला आणि प्रत्येक भोपळ्यात वर एकेक लवंग खोचली, आमच्याकडे संत्र्याच्या आकाराच्या पेढ्याला खोचतात तशी. दिसले मात्र देखणे. लवंग काढून खायची हे सांगायचं राहिलं, आणि स्कॉटिश मुलीने ती कचकन चावली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आईंनी तिला जवळ घेतलं, तोंडात साखर घातली, "काय बाई, भूत व्हायला निघालीस आणि लवंगेला रडतेस?" असं शुद्ध मराठीत विचारलं. ती पोरगी मान डोलावून त्यांच्या पदरालाच बिलगून राहिली.

माझ्या लेकीने आपला भोपळा ताटलीत ठेवला. तो उभा राहिला. तिने तो खाल्ला नाही, झोपेपर्यंत घरभर घेऊन फिरली.

हॅलोविनच्या संध्याकाळी दार उघडायला आई बसल्या. खुर्ची दारात, मांडीवर ताट. चादरी पांघरलेली, तोंडं रंगवलेली पोरं आली की आधी त्यांना नीट न्याहाळायच्या, मग हातावर भोपळा ठेवायच्या. शेजारच्या रस्त्यावरचीही मुलं येऊन गेली. ताट संपलं तेव्हा मोकळे हात दाखवून "खलास" म्हणाल्या. त्या रात्री त्या व्यवस्थित जेवल्या. मी आणि नवरा एकमेकांकडे चोरून बघत होतो.

आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता. नवऱ्याला ओवाळायचा दिवस. आमच्याकडे ओवाळणं नव्हतंच, पण दिवस काय असतो ते कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी आई उठल्याच नाहीत. चहा तसाच गार झाला. दुपारी मी जेवायला बोलवायला गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "बॅग भरून ठेवलीय मी." आदल्या संध्याकाळचा आनंद असा पुसून गेला होता. मी बाहेर येऊन सिंकपाशी उभी राहिले. इतका राग मला क्वचित आला असेल, आणि कुणावर आलाय ते कळत नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी, मुली शाळेतून आल्यावर, बेल वाजली. शेजारीण होती, चेहरा पांढराफटक, हातात कागदी रुमालाने झाकलेली थाळी. तिची लेक शेजारी उभी राहून भरभर सांगत होती की मॉमने नाकाला ओढणी बांधून सगळं स्वतः केलं, आम्ही सांगितलं तसं, विदाउट मार्शमेलो, आणि दोनदा तिला उलटी झाली. शेजारणीने तिला गप्प केलं. मग मला म्हणाली, चुकलं असेल तर माफ करा, पण तुमच्या मुलीने सांगितलं की यंदा तुम्ही घरी फराळ करायचा नसतो, तो शेजाऱ्यांनी आणून द्यायचा असतो. मला कालच आणायचा होता, जमलं नाही. उशीर तर नाही ना झाला?

मी बघतच राहिले. खरंच की. पुण्यात असतो तर पहिल्या दिवसापासून बिल्डिंगमधून डबे आले असते. कुणाची चकली, कुणाचे अनारसे, दार बंद करायला फुरसत नसती. इथे मराठी ओळखी सगळ्या अबू धाबी-दुबईला, त्यांचे फोन आले, आपुलकीने आले, पण आणणार कोण आणि कधी? रिवाजाचा हा अर्धा भाग मी स्वतःच विसरून गेले होते. लेकीने आजीला विचारलं असणार, मग आपण काय खायचं, आणि आजीने सांगितलं असणार, शेजारीपाजारी देतात.

मी आईंना हाक मारली. त्या केस न विंचरता तशाच आल्या. थाळीकडे, मग त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी सांगायला लागले तर हाताने थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी थाळी घेतली, रुमाल काढला. आत भोपळे होते, वाकडेतिकडे, प्रत्येकावर लवंग. आईंनी एक उचलून चावायचा प्रयत्न केला. जमेना. पाक पार पुढे गेलेला, दगड झाला होता नुसता. शेजारीण "सॉरी, सॉरी" म्हणून रडकुंडीला आली. आई आत गेल्या, खलबत्ता घेऊन आल्या, तिथेच जमिनीवर बसून भोपळा फोडला आणि एकेक तुकडा तोंडात धरून खायला लागल्या. खाताखाता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सासरे गेले तेव्हाही त्या आमच्यासमोर रडल्या नव्हत्या.

मग पदराने तोंड पुसून लेकीला म्हणाल्या, "हिला सांग, मी सकाळपासून बेलकडे कान लावून पडले होते. एवढ्या वर्षांत आमच्या घरावर अशी दिवाळी आली नव्हती की कुणी दार वाजवलं नाही. म्हटलं, ते गेले आणि माणसंही गेली. तू आलीस. तुला बरं नसताना आलीस. हे मी जन्मात विसरायची नाही, सांग तिला."

लेक क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "आजी सेज थँक यू."

शेजारणीला तेवढं पुरलं. ती खाली आईंशेजारीच बसली. चहाचा वास तिला सोसत नव्हता, म्हणून मी लिंबाचं सरबत दिलं. आई तिचा ओढलेला चेहरा बघत होत्या. माझ्यामार्फत चौकशी सुरू झाली. कितवा महिना? खाते काय? आई येणार का बाळंतपणाला? तिची आई काही वर्षांपूर्वीच गेली होती. ते ऐकून आईंनी थाळी बाजूला ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्या बाईचे माझ्यावर अनेक उपकार आहेत, पण ह्या एका थाळीसाठी मी तिची आयुष्यभराची ऋणी आहे. आमच्या रिवाजाचा तिला गंधही नव्हता. एका लहान मुलीच्या तोंडून अर्धवट ऐकलं आणि ते तिने खरं मानून पाळलं, एवढंच तिने केलं.

नवरा संध्याकाळी कामावरून आला तो सरळ आईंपाशी गेला. ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट घेऊन आला होता, भाऊबीजेनंतरचं. "आई, झालं बघ तुझ्या मनासारखं," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज बसला होता.

आई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते राहू दे आता. इतक्यात जमायचं नाही मला. तिची आई नाहीये यायला."

"कोणाची आई?"

"शेजारणीची. पहिल्यापासून सगळं बघायला हवं. आणि पाक बघ केलाय कसा, खाऊन बघ." त्यांनी थाळी त्याच्यापुढे सरकवली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एक तुकडा तोंडात टाकला, आणि पुढे कितीतरी वेळ त्याला काही बोलता आलं नाही.